पाणी मागे सरतं तिथे

वर्धा जिल्ह्याच्या नकाशावर दलदल शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. नद्या सापडतात. पश्चिमेची सीमा आखत जाणारी वर्धा, पवनारवरून वाहणारी धाम, हिंगणघाटची वणा, आणि बोर, यशोदा, पोथरा यांसारख्या त्यांच्या लेकी. धरणं सापडतात. सेलू तालुक्यात बोर, आर्वी तालुक्यात महाकाळीजवळ धाम आणि धनोडीजवळ निम्न वर्धा. लघुसिंचनाचे आणि पाझर तलाव तर किती तरी गावांच्या शिवारात आहेत. पण भरतपूर किंवा चिल्का यांच्यासारखं नाव घेऊन बोट दाखवावं असं एकही पाणथळ क्षेत्र इथे नाही. सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरचा, आठ तालुक्यांचा हा जिल्हा कापूस, तूर आणि सोयाबीनचा म्हणून ओळखला जातो. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा मुलखाचा दलदलीशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल.

संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. डिसेंबरच्या सकाळी देवळी तालुक्यातल्या दिघी-बोपापूरच्या तलावाकडे गेलं, किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या तलावाच्या फुगवट्याच्या, म्हणजे नाला आत शिरतो त्या, टोकाला गेलं, तर पाऊल घोट्यापर्यंत रुततं आणि समोर शेकडो पाय, चोची आणि पंख कामात गुंतलेले दिसतात. वर्ध्यात दलदल वर्षाच्या ठरावीक काळात तयार होते, महिनोन् महिने जागा बदलत राहते आणि उन्हाळ्याच्या तोंडी संपते. म्हणून ती नकाशावर येत नाही, सरकारी यादीत येत नाही आणि तिची काळजी घेणं हे कुणाचंच काम ठरत नाही. या लेखाचा विषय हीच जमीन आहे, तलावाची पूर्ण संचय पातळी आणि मृतसाठा यांच्यामधली. माझ्या मते वर्ध्याच्या वन्यजीवांसाठी बोरच्या जंगलाखालोखाल मोलाची जागा ही आहे, आणि ती वाचवायला पैसा फारच थोडा लागेल. लक्ष मात्र बरंच द्यावं लागेल.

काळ्या मातीतलं पाणी

जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. या बेसाल्टची झीज होऊन जी काळी, चिकण माती तयार झाली, तिचे कण ओल मिळताच फुगतात आणि वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. पहिल्या पावसाचं पाणी या भेगांतून खोल जातं. एकदा माती फुगून भेगा मिटल्या की मग पाणी खाली मुरायला तयार होत नाही, ते वरच साचतं. जुलै-ऑगस्टमध्ये शेतांचे सखल कोपरे, नाल्यांच्या कडा आणि रस्त्याकडेचे खड्डे आठवडेच्या आठवडे ओले राहतात ते म्हणून. जिल्ह्याला वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पाऊस मिळतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. ऑक्टोबर उजाडला की ही ओल उडू लागते.

ती टिकते तलावात. तलावाची रचना सोपी असते. नाल्याच्या आडवी मातीची पाळ, एका बाजूला सांडवा, पाळीजवळ खोल पाणी. मात्र नाला जिथून तलावात शिरतो, त्या मागच्या बाजूला जमिनीचा उतार फार हलका असतो. पाळीजवळची पातळी हातभर उतरली, तरी या बाजूला पाण्याची कड कितीतरी मागे जाते आणि मोठा पट्टा उघडा पडतो. नाल्याने दर पावसाळ्यात आणलेला गाळ इथेच बसलेला असतो. तलाव जितका जुना, तितका हा गाळ जाड आणि पट्टा रुंद. धरणाच्या खालच्या अंगाला पाझराच्या पाण्यावर आणि गळक्या कालव्यांच्या काठानेही अशी ओली पट्टी तयार होते. तिच्यात पाणकणीस उभं राहतं, लव्हाळा पसरतो, माका आणि जलब्राह्मी उगवते.

रब्बीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की पातळी उतरू लागते. नोव्हेंबरात एक पट्टा उघडा पडतो, डिसेंबरात त्याच्या पुढचा, जानेवारीत आणखी पुढचा. रोज थोडी नवी, अजून कुणी न चरलेली ओली जमीन पाण्याबाहेर येते. सैबेरिया, मध्य आशिया आणि तिबेटाकडून पक्षी येतात ते नेमके याच महिन्यांत. तलाव शेतकऱ्याच्या गव्हा-हरभऱ्यासाठी बांधले गेले. पण पाणी देण्याचं जे वेळापत्रक पाटबंधारे खात्याने पिकासाठी आखलं, ते हिवाळी पाहुण्यांनाही तंतोतंत लागू पडलं. हा मेळ कुणी ठरवून घातला नव्हता, म्हणून तो कुणाच्या नकळत मोडूही शकतो.

चिखलात काय चालतं

उघड्या पडलेल्या चिखलाला लांबून पाहिलं तर तो निर्जीव, काळपट आणि थोडा वास मारणारा वाटतो. वरचा बोटभर थर सोडला तर खाली प्राणवायू जवळजवळ नसतो. वास येतो तो त्यामुळेच. तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू कुजलेल्या पानांचं आणि गवताचं विघटन करत असतात. शेतातून वाहून आलेल्या युरियाचं नायट्रेट पाण्यातून इथे उतरलं की हे जीवाणू त्याचं नायट्रोजन वायूत रूपांतर करून तो हवेत सोडून देतात. खतातलं फॉस्फरस चिकणमातीच्या कणांना धरून बसतं. ज्या तलावाचा आणि नदीचा काठ जिवंत आहे, तिथलं पाणी हिरवंगार आणि शेवाळलेलं व्हायला वेळ लागतो, तो या विनामोबदला कामामुळे. ज्या जिल्ह्यात कपाशी आणि सोयाबीनवर दर हंगामात खत आणि फवारणी होते, तिथे या कामाचं मोल किती हे सांगायला नको.

याच चिखलात डासांसारख्या, पण न चावणाऱ्या किड्यांच्या अळ्या राहतात. त्यांच्या शरीरात रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि अगदी कमी प्राणवायूतही तग धरतात. त्यांच्या सोबतीला गांडुळांचे पाण्यातले भाऊबंद, गोगलगायी, शिंपले आणि पाणकिड्यांची पिल्लं. चिखल पूर्ण वाळला तरी सगळं संपत नाही. डोळ्यांना मुश्किलीने दिसणारे कितीतरी कवचधारी जीव आपली टणक अंडी गाळात ठेवून मरतात. पुढच्या पावसाचं पाणी पोचलं की ती उबतात. वाळलेल्या गाळावर मधल्या काळात गवत उगवलेलं असतं, गुरांचं शेण पडलेलं असतं. पाणी परत चढलं की हे सगळं कुजून पाण्यात मिसळतं, त्यावर सूक्ष्म जीवांची रेलचेल होते आणि माशांची पिल्लं त्यावर वाढतात. तलावाचं उतरणं आणि भरणं हा त्याचा श्वास आहे, आणि मासेमाराच्या जाळ्यात ऑक्टोबरात जे वजन पडतं, त्याची सुरुवात आदल्या उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या काठावर झालेली असते.

पायांच्या लांबीप्रमाणे जागा

हिवाळ्यातल्या या काठावर गर्दी दिसते, पण भांडण फारसं दिसत नाही. त्याचं कारण पायांत आणि चोचीत आहे. अगदी कोरड्या होत आलेल्या कडेला कंठेरी चिखल्या धावतो, थांबतो, टिपतो. पिवळा धोबी गुरांच्या पायांजवळ माश्या पकडतो. जिथे चिखलावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तिथे तुताऱ्या चोच खुपसत फिरतात. घोटाभर पाण्यात शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर चालतो. थापट्या बदक आपल्या रुंद चोचीने पाण्याचा पृष्ठभाग गाळत जातं. तलवार बदक शेपूट वर करून मान लांबवतं आणि वीतभर खालच्या तळातलं बी आणि कंद उपसतं. आणखी खोल पाण्यात लालसरी बुडी मारते आणि पाण्याखालच्या वनस्पतींवर चरते. पाण्याची पातळी एकसारखी राहिली तर यांतल्या दोन-तीन जातींचंच भागेल. ती हळूहळू उतरते म्हणून साऱ्यांना आपापली खोली मिळत राहते.

यांतले बरेचसे पक्षी मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या मार्गात सुमारे ३० देश येतात आणि भारत त्याच्या मध्यावर आहे. वर्ध्याच्या पक्षीप्रेमींचा सगळ्यात लाडका पाहुणा म्हणजे पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा करडा-पांढरा हंस तिबेट, मंगोलिया आणि लडाखच्या उंच सरोवरांकाठी वीण करतो आणि हिमालय ओलांडून इथे येतो. संशोधकांनी अंगावर यंत्रं बसवून या पक्ष्यांचा माग काढला तेव्हा ते बहुतेक वेळ दऱ्यांच्या आधाराने, जमिनीलगत उडतात असं दिसलं. तरीही एका पक्ष्याने ७,२९० मीटर उंची गाठल्याची नोंद झाली. एवढा प्रवास करून आलेला पक्षी दिवसा तलावाच्या उघड्या काठावर विसावतो आणि संध्याकाळी आसपासच्या गवतावर किंवा कोवळ्या गव्हा-हरभऱ्यावर चरायला जातो. त्याला चारही बाजूंनी मोकळं दिसणारा, कुत्र्यामाणसांपासून दूरचा काठ लागतो. तसा काठ मिळाला नाही तर हा पक्षी पुढचा तलाव शोधतो. काही वर्षं असाच हुसकला गेला तर तिकडे येणंच सोडतो.

या साऱ्यांच्या वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसांवरून सावकाश घिरट्या घालतो, आणि मीनखाई घार पाण्यावर झेप घेऊन मासा उचलते. मार्चमध्ये काठावरची धांदल वाढते. परतीच्या प्रवासासाठी पक्ष्यांना अंगावर चरबी चढवायची असते. त्या तीन-चार आठवड्यांत काठ शांत आणि ओला राहिला पाहिजे. नेमक्या त्याच काळात उन्हाळी पिकाचे पंप, जेसीबी आणि ट्रॅक्टर काठावर पोचलेले असतात.

पावसाळ्यातली दुसरी वस्ती

हिवाळी पाहुण्यांचं कौतुक खूप होतं. दलदलीवर ज्यांचा जन्मापासून हक्क आहे ते मात्र पावसाळ्यात आपला संसार मांडतात, आणि तेव्हा चिखल तुडवत त्यांना पाहायला फारसं कुणी जात नाही. रंगीत पाणलावा ओल्या गवतात घरटं करतो. या जातीत मादी नराहून देखणी असते. तीच साद घालून नराला बोलावते, अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे असतं. कमळपक्ष्यांचंही असंच. लांबच लांब बोटांमुळे वजन विभागलं जातं आणि ते कुमुदाच्या पानांवरून सहज चालतात, तरंगत्या पानांवरच त्यांचं घरटं असतं. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या गर्दीत घर करते. अडई आणि काणूक ही बदकं मात्र झाडांच्या ढोल्या शोधतात. काठावरचं म्हातारं अर्जुनाचं किंवा मोहाचं झाड तोडलं गेलं तर तलाव तसाच राहूनही ही बदकं तिथे पिल्लं काढू शकत नाहीत. तलावाची हद्द पाण्याच्या रेषेवर संपत नाही ती अशी.

पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट्या दिशेने चढतात. त्यांना खोल पाणी नको असतं. नव्याने बुडालेलं गवत, उथळ आणि कोमट पाणी, लपायला जागा हवी असते. अंडी घालण्यासाठी ते तलावातून नाल्यांत आणि नाल्यांतून बुडालेल्या शेतांच्या कडांना जातात. मरळ, शिंगी आणि देशी मांगूर हे तर दलदलीसाठीच घडलेले मासे. पाण्यातला प्राणवायू संपला की ते तोंड वर काढून हवा घेतात. मरळीची जोडी गवताच्या तरंगत्या घरट्याजवळ पिल्लांच्या लालसर थव्यावर पहारा देते. पिल्लांचा हा पुंजका पाण्यावर दिसला की जाळं टाकणारे पूर्वी तिकडे दुर्लक्ष करत, कारण आईबाप काढून नेले तर सगळी पिल्लं जातात हे त्यांना ठाऊक होतं. जाळ्याचा ठेका बाहेरच्या माणसाकडे गेला की असे संकेत टिकत नाहीत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात शिवारावर पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात. त्यांतल्या एका जातीचे चतुर साचलेल्या पावसाच्या पाण्यात काही आठवड्यांतच वाढतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन निघतात. भारतातून समुद्र ओलांडून ते मालदीवमार्गे आफ्रिकेपर्यंत जातात, असं प्रतिपादन चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली केलं आणि त्यानंतरच्या अभ्यासांनी त्याला बळ दिलं. शेताच्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्याचा धागा दुसऱ्या खंडापर्यंत पोचतो तो असा.

नदीतली रेती आणि डोह

धामची गोष्ट थोडी वेगळी आहे. महाकाळीच्या धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येतं आणि येळाकेळी व पवनार इथून वर्धा शहर आणि परिसरासाठी उचललं जातं. शहराच्या तहानेमुळे ही नदी उन्हाळ्यातही काही अंशी ओली राहते आणि तिच्या काठच्या लव्हाळ्याला आणि पाणकणसाला जगता येतं. पवनारला गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. इथेच विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी इथेच देह ठेवला. देशभरातून माणसं इथे येतात, आश्रमाच्या ओट्यावरून पात्राकडे पाहतात. खडकांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, कवड्या धीवर पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो. याच पाण्यात निर्माल्य, सांडपाणी आणि मूर्तींचं विसर्जनही होत आलं आहे. ज्या नदीला आपण पवित्र मानतो, तिच्या काठच्या गवताला आपण घाण समजून उपटतो. तेच गवत पाणी गाळत असतं.

वर्धा आणि वणा या मोठ्या नद्यांचा प्रश्न रेतीचा आहे. नदी सुरय आणि छोटी पाणभिंगरी हे पक्षी फेब्रुवारी ते मे या काळात पात्रातल्या रेतीच्या बेटांवर, उघड्या वाळूतच अंडी घालतात. बेटाला चारही बाजूंनी पाणी असणं हाच त्यांचा कोट. रेतीघाटांवरून उपसा झाला, किंवा पाणी इतकं आटलं की कुत्री आणि गुरं चालत बेटावर पोचली, की त्या वर्षीची वीण गेली. नदी सुरय आज जगभरात असुरक्षित जातींच्या यादीत आहे. रेती गेल्यावर नदीचे डोह बुजतात, काठ ढासळतात आणि माशांच्या उन्हाळी आसऱ्याच्या जागा संपतात.

तलाव कुणाचा

कागदावर तलाव शासनाचा. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे, पाणी सिंचनाचं, आणि पाणी उतरल्यावर उघडी पडणारी बुडीत क्षेत्रातली जमीन गाळपेरासाठी हंगामापुरती कसायला दिली जाते. गाळपेर ही जुनी आणि शहाणी पद्धत आहे. गाळाची जमीन सुपीक, ओल आयती, एका हंगामाचं पीक सहज निघतं. काठावर टरबूज, खरबूज, काकडी पिकवणाऱ्या डांगरवाड्या ही विदर्भातल्या ढिवर आणि भोई कुटुंबांची उन्हाळ्याची मिळकत राहिली आहे. शिंगाड्याची लागवडही तीच कुटुंबं करतात. या लोकांना काठावरून हटवून दलदल वाचणार नाही. दलदलीचं ज्ञान त्यांच्याकडेच आहे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या मुक्कामात पक्ष्यांची आणि माशांची जी माहिती आणि नावं मराठीत आणली, त्यातली कितीतरी अशाच माणसांच्या तोंडून आलेली होती.

गाळपेराचं स्वरूप मात्र बदललं. जुन्या काळी ओलीवर जेवढं येईल तेवढं पीक घेत. आता काठावर डिझेल नि विजेचे पंप लागतात, पाण्याच्या अगदी रेषेपर्यंत ट्रॅक्टर जातो, रासायनिक खत आणि तणनाशक पडतं. पुढच्या पावसात ते सगळं तलावात मिसळतं. मासेमारीतही तेच झालं. संस्था रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडते कारण ते लवकर वाढतात आणि विकले जातात. त्यांच्याबरोबर तिलापिया शिरला, आणि बंदी असूनही आफ्रिकी मांगूर शिरला. गावठी माशांच्या जाती मागे पडल्या. त्यांना लागणारं पाण्याखालचं गवतही मोठ्या माशांनी आणि गढूळ पाण्याने कमी केलं.

याच्या भरीला बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप कुंपणासाठी लावलं गेलं आणि तलावांच्या काठांवर पसरलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत कारण ते विषारी आहे, आणि कापून टाकलेली फांदीही ओलीवर मूळ धरते. जिथे बेशरमाची दाटी झाली तिथे उघडा चिखल राहत नाही, बदकांना उतरायला जागा राहत नाही आणि कुमुदांना ऊन मिळत नाही. काही ठिकाणी जलपर्णीने तेच केलं.

कायद्याला न दिसणारा काठ

इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. या करारात नैसर्गिक आणि मानवनिर्मित असा भेद नाही. भारताने मात्र २०१७ साली केलेल्या पाणथळ जागांच्या नियमांत नदीचं पात्र, भातखाचरं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले. वर्धा जिल्ह्यात या वगळण्याचा अर्थ स्पष्ट आहे. इथली जवळपास प्रत्येक पाणथळ जागा सिंचनासाठीच बांधलेली आहे, म्हणजे या नियमांच्या दृष्टीने वर्ध्यात जपण्यासारखी दलदल जवळजवळ नाहीच.

हे किती विसंगत आहे ते पाहायला नाशिककडे बघावं. महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून नांदूर मध्यमेश्वरची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बांध घातला गेला. त्यामागे गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांनी ती जागा आपली केली. सिंचनाच्या हिशेबात ज्याला नुकसान म्हणतात त्या गाळानेच ते स्थळ घडवलं. नांदूरला ज्या घडामोडीचा सन्मान झाला, तीच घडामोड वर्ध्याच्या लहान तलावांत छोट्या प्रमाणावर रोज चालू आहे.

इथे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेचा विचार करावा लागतो. २०१७ साली सुरू झालेली ही योजना शेतकऱ्याच्या फायद्याची आहे, हलक्या जमिनीवर हा गाळ पडला की ती सुधारते. प्रश्न गाळ कुठून काढायचा हा आहे. पाळीजवळ खोलीकरण केलं तर साठा वाढतो आणि मासेही उन्हाळा काढतात. पण यंत्राला सोयीचं असतं ते फुगवट्याचं कोरडं टोक. तिथे उभ्या भिंतींचे खड्डे पाडले की हलका उतार नाहीसा होतो, आणि त्याबरोबर घोटाभर पाणी, वीतभर पाणी, चिखलाचा पापुद्रा ही सगळी खोल्यांची उतरंड जाते. तलावात पाणी तेवढंच राहतं, पक्षी मात्र कमी होतात. सुशोभीकरणाच्या नावाखाली चारही बाजूंनी दगडी पिचिंग आणि फिरण्याचा रस्ता झाला तर परिणाम तोच. जलाशयांवर तरंगत्या सौर पटलांचे विचार आता पुढे येत आहेत. वीज हवीच. ती पटलं खोल पाण्यावर बसवायची की उथळ टोकावर, हे ठरवताना पक्ष्यांची गणती समोर असली पाहिजे.

गोंदियाचा धडा

विदर्भाच्या पूर्व टोकाला या प्रश्नाचं एक उत्तर शोधलं गेलं आहे. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर भागात गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हजारोंनी तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांचे झाले आणि १९५० च्या दशकाच्या तोंडावर मालगुजारी गेली तेव्हा शासनाकडे आले. देखभाल सुटली, गाळ आणि बेशरम वाढलं. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या माध्यमातून ढिवर समाजाबरोबर काम करत यातले काही तलाव पुन्हा जिवंत केले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या बाया या कामात पुढे होत्या. बेशरम मुळासकट काढलं, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, आणि पाऊस पडल्यावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदवर्गीय अशा स्थानिक पाणवनस्पती हाताने लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या खोलीत लावायची हे ढिवरांनी सांगितलं. गावठी मासे परतले, उत्पन्न वाढलं आणि पक्षीही आले. लोकांनी काही काळ मासे न धरण्याचे नियम स्वतः घालून घेतले. त्याच भागात महाराष्ट्रातले शेवटचे सारस तग धरून आहेत. त्यांची संख्या फार थोडी आहे, आणि धानाच्या बांधीतली त्यांची घरटी राखणारे शेतकरीच आहेत.

वर्ध्याची भूमी वेगळी आहे. इथे मालगुजारी तलावांची परंपरा नाही, धान नाही, तलाव अलीकडचे आणि खात्याच्या मालकीचे आहेत. पण वर्ध्याकडे एक वेगळा वारसा आहे. १९३४ साली इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी अर्थव्यवस्थेचे दोन प्रकार मांडले. एक साठा उपसून जगणारी, कोळसा आणि खनिज तेलासारखी. दुसरी प्रवाहावर जगणारी, निसर्ग दरवर्षी जेवढं नव्याने देतो तेवढंच घेणारी. तलावाचा काठ हे दुसऱ्या प्रकाराचं नमुनेदार उदाहरण आहे. मासे, शिंगाडे, चारा, टरबूज, गाळ, स्वच्छ पाणी हे सगळं तो दरवर्षी देतो, आणि पक्षी त्याच्या वाट्यातलं काही कमी करत नाहीत. अट एकच, पाण्याच्या चढ-उताराचं चक्र आणि काठाचा उतार शाबूत राहिला पाहिजे.

वर्ध्यात काय करता येईल

कायद्याची वाट बंद दिसत असली तरी आडवाटा आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. याच कायद्याने वारसा स्थळ घोषित करता येतं. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली मायरिस्टिका झाडांची छोटीशी दलदल २०२१ मध्ये असंच वारसा स्थळ झाली. तिचं क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर आहे. लहान जागेलाही मान मिळू शकतो हे त्यातून सिद्ध झालं. वर्ध्यात दिघी-बोपापूरसारख्या तलावांसाठी ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था आणि पक्षीमित्र एकत्र बसले तर असा प्रस्ताव होऊ शकतो. बहार नेचर फाउंडेशनसारखी पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था शहरात आहे. जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना देशात १९८७ पासून चालू आहे. तिच्यात जिल्ह्यातला प्रत्येक जुना तलाव दरवर्षी मोजला गेला, तर पाच-सात वर्षांत कोणता काठ सुधारतो आणि कोणता बिघडतो हे आकड्यांनी दाखवता येईल.

पाटबंधारे खात्यालाही एक रुपया न खर्चता तीन गोष्टी करता येतील. गाळपेराचा पट्टा देताना पाण्याच्या रेषेपासून काही अंतर मोकळं सोडायची अट घालता येईल, आणि पट्टा आधी मासेमार व भूमिहीन कुटुंबांना देता येईल. गाळ काढायची परवानगी पाळीकडच्या भागापुरती ठेवून फुगवट्याचं टोक वगळता येईल. मार्चचा पहिला पंधरवडा काही निवडक तलावांवर यंत्रांना मनाई करता येईल. बोरच्या जलाशयाला १९७० पासून अभयारण्याचं आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्पाचं कवच मिळालं. तिथल्या काठावर चितळ आणि सांबर पाण्याला उतरतात आणि त्यांच्या मागावर वाघ येतो. बाकीच्या तलावांना वाघ नाही. त्यांच्या बाजूने बोलायला गावच्या लोकांनाच उभं राहावं लागेल.

दरवर्षी ५ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, ते १२ नोव्हेंबर, म्हणजे सालिम अलींचा जन्मदिवस, हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तो दिवाळीच्या आगेमागे येतो, तलाव भरलेले असतात आणि काठ नुकता उघडा पडायला लागलेला असतो. शाळांनी त्या आठवड्यात मुलांना पक्ष्यांच्या चित्रांच्या स्पर्धेत बसवण्याऐवजी गावच्या तलावाच्या मागच्या टोकाला न्यावं. वाटेत एखाद्या ढिवरबाबांना बरोबर घ्यावं आणि ग्रामपंचायतीची नोंदवही मुलांच्या हाती द्यावी. कोणता पक्षी, कोणता मासा, कोणतं गवत, पाणी कुठपर्यंत होतं आणि बेशरम कुठवर आलं, एवढं त्यात तारखेनिशी लिहावं. पुढच्या वर्षी त्याच जागेवर पुन्हा जावं. ज्या जमिनीची नोंद कुठल्याच नकाशात नाही, तिची पहिली नोंद गावाच्या वहीत व्हायला हवी. गाळ काढायचा, पट्टा द्यायचा किंवा रस्ता बांधायचा प्रस्ताव ग्रामसभेत येईल, तेव्हा ती वही टेबलावर ठेवून बोलता येईल.